पांढरा घोडा, ढाल आणि भाला : चिनी तर्कविचाराविषयी वाचकांचे प्रश्न

चिनी आणि पाश्चात्त्य तर्कपरंपरांच्या तुलनेविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांतील सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे घेतले आहेत. चिनी नावांचे उच्चार देवनागरीत तंतोतंत उतरवणे अवघड असल्याने वाचायला सोपी अशी रूपे वापरली आहेत.

प्रश्न : आम्हाला अभ्यासाला असलेल्या तर्कशास्त्राच्या इतिहासात ॲरिस्टॉटलपासून सुरुवात होते आणि आधुनिक तर्कशास्त्राचा जर्मन प्रवर्तक फ्रेग याच्यापर्यंत मजल जाते. मध्ये भारतीय न्यायदर्शनाला एखादे प्रकरण मिळते. चीनचा विषय मात्र ‘चिनी मन व्यवहारी असल्याने त्याला तर्कशास्त्राची गरज भासली नाही’ एवढ्या एका वाक्यात संपतो. हे कितपत खरे आहे?

उत्तर : ते खरे नाही, परंतु अशी समजूत का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. ‘तर्कशास्त्र’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. युक्तिवाद केव्हा टिकतो आणि केव्हा कोसळतो, याचा स्वतंत्र परिभाषा घडवून केलेला जाणीवपूर्वक अभ्यास हा एक अर्थ. युक्तिवादाचा आशय बाजूला ठेवून केवळ त्याच्या आकाराचा विचार करणारे शास्त्र, म्हणजे आकारिक तर्कशास्त्र, हा दुसरा. दुसऱ्या अर्थाचे शास्त्र प्राचीन चीनमध्ये उभे राहिले नाही. पहिल्या अर्थाचा अभ्यास मात्र इ.स.पू. ३०० च्या सुमारास, म्हणजे ॲरिस्टॉटलच्या मृत्यूनंतर फार तर एका पिढीच्या आत, तेथे चांगलाच बहरला होता, आणि या दोन्ही परंपरांना एकमेकींची गंधवार्ताही नव्हती.

या अभ्यासाचे श्रेय मोत्झूच्या अनुयायांना जाते. इ.स.पू. पाचव्या शतकात होऊन गेलेला मोत्झू हा कन्फ्यूशियसच्या पंथाचा कडवा टीकाकार होता. सर्वांविषयी सारखीच आस्था बाळगावी आणि आक्रमक युद्धे करू नयेत, ही त्याची शिकवण. हल्ला झालेल्या नगरांचे रक्षण करण्याच्या तंत्रात त्याचे लोक वाकबगार होते. कोणतेही मत स्वीकारण्यापूर्वी त्याने तीन कसोट्या सांगितल्या : प्राचीन आदर्श राजांच्या आचरणात त्याचे मूळ सापडते का, सामान्य लोकांच्या डोळ्या-कानांचा पुरावा त्याला आहे का, आणि राज्यकारभारात आणल्यास त्याचा लोकांना उपयोग होतो का. पहिली आणि तिसरी कसोटी पाहून पाश्चात्त्य तर्काच्या अभ्यासकाच्या कपाळाला आठी पडते, आणि ते योग्यच आहे, कारण उपयुक्तता हा सत्याचा पुरावा नव्हे. पण खरी झेप पुढच्या पिढ्यांनी घेतली. ‘मोत्झू’ या ग्रंथातील सहा प्रकरणे या उत्तरकालीन अनुयायांची आहेत. त्यांत भूमिती, प्रकाश आणि यंत्रे यांच्याबरोबरच भाषा आणि वाद यांविषयीची अतिशय नेमकी सूत्रे आहेत.

‘कारण’ या संकल्पनेचे त्यांनी दोन भाग पाडले. लहान कारण असले म्हणजे कार्य होईलच असे नाही, पण ते नसले तर होणारच नाही. मोठे कारण असले की कार्य झालेच पाहिजे. आज आपण ज्यांना आवश्यक अट आणि पर्याप्त अट म्हणतो, त्यांच्या अगदी जवळचा हा भेद आहे. ‘सर्व’ या शब्दाची त्यांची व्याख्या अशी : ज्यात तसे नसलेले एकही नाही, ते सर्व. ‘प्रत्येक’ची व्याख्या दोन नकारांच्या साहाय्याने करणे ही युक्ती आधुनिक तर्कशास्त्राच्या पहिल्या काही धड्यांत शिकवली जाते.

त्याहून महत्त्वाचे आहे ते त्यांचे वादाविषयीचे विवेचन. एक जण म्हणतो हा बैल आहे, दुसरा म्हणतो हा बैल नव्हे, तेव्हाच तो खरा वाद. दोघांचेही बरोबर असू शकत नाही, एकाचे चुकलेच पाहिजे. पण एकाने ‘कुत्रा’ आणि दुसऱ्याने ‘श्वान’ म्हटले, तर त्यात वाद नाही, कारण दोघेही एकच सांगत आहेत. एकाने ‘बैल’ आणि दुसऱ्याने ‘घोडा’ म्हटले, तरीही तो वाद नव्हे, कारण समोर मेंढी असली तर दोघेही हरतील. (मेंढी माझी, मूळ सूत्रात ती नाही.) परस्परांना पूर्णपणे छेदणारी विधाने आणि एकाच वेळी खरी नसली तरी एकाच वेळी खोटी असू शकणारी विधाने, हा भेद ॲरिस्टॉटलनेही केला होता. शब्द वेगळे, उदाहरणे वेगळी, पण दोघांनी पकडलेली गोष्ट तीच आहे. ‘सर्व विधाने चुकीची असतात’ असे म्हणणाऱ्याचे विधान स्वतःच चुकीचे ठरते, हेही मोत्झूपंथीयांनी एका छोट्या सूत्रात नोंदवून ठेवले आहे.

प्रश्न : प्राचीन चिनी वादपटू गोंगसुन लोंग याचे ‘पांढरा घोडा घोडा नव्हे’ हे विधान वाचून हसू आले. याला तर्क म्हणायचे की निव्वळ शब्दच्छल?

उत्तर : हसू त्या काळच्या चिनी लोकांनाही येत असे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील विचारवंत हान फेई याने सांगितलेली एक गोष्ट आहे : सुंग राज्यातील एका वादपटूने हेच विधान मांडून मोठमोठ्या विद्वानांना गप्प केले, पण पांढऱ्या घोड्यावर बसून सरहद्दीच्या नाक्यावरून जाताना त्याला घोड्याचा कर निमूटपणे भरावा लागला.

तरीही गोंगसुन लोंगचा युक्तिवाद टाकाऊ नाही. ‘घोडा’ हा शब्द आकार सांगतो, ‘पांढरा’ हा शब्द रंग सांगतो, आणि रंग सांगणे म्हणजे आकार सांगणे नव्हे. शिवाय कोणी घोडा मागितला तर काळा किंवा पिवळा आणून दिला तरी चालतो. पांढरा घोडा मागितला तर तो चालत नाही. म्हणजे दोन मागण्या एक नाहीत. हे सगळे बरोबर आहे. खोच आहे ती ‘नव्हे’ या शब्दात. मराठीत आपण ‘पांढरा घोडा हा घोडा नाही’ असे म्हटले तर ते उघड खोटे वाटते, पण ‘पांढरा घोडा म्हणजे घोडा नव्हे’ असे म्हटले की क्षणभर थांबावेसे वाटते, कारण ‘म्हणजे’ या शब्दाने आपण दोन कल्पना एकरूप आहेत का, असे विचारू लागतो. अभिजात चिनीत या दोन्ही अर्थांसाठी ‘फेई’ हा एकच नकारदर्शक शब्द येतो, आणि गोंगसुन लोंग त्या दोन अर्थांमधल्या फटीत उभा राहून बोलतो. ‘नसणे’ आणि ‘वेगळे असणे’ यांतला गोंधळ प्लेटोलाही एका संपूर्ण संवादात सोडवावा लागला होता, हे लक्षात घेतले तर हा प्रश्न केवळ चिनी भाषेचा विक्षेप होता असे म्हणता येत नाही. माझे मत असे की गोंगसुन लोंगला फट दिसली होती, पण ती बुजवण्यापेक्षा तिथे उभे राहून श्रोत्यांना चकित करण्यात त्याला अधिक रस होता.

त्या काळच्या वादपटूंचे आणखी एक विधान प्रसिद्ध आहे : एक हात लांबीची काठी रोज निम्मी तोडत गेले, तर दहा हजार पिढ्यांनीही ती संपणार नाही. त्याची तुलना ग्रीक तत्त्वज्ञ झेनोच्या, गती अशक्य ठरवू पाहणाऱ्या कूटांशी केली जाते. तुलना मोहक आहे, परंतु झेनोचे युक्तिवाद निदान इतरांच्या लेखनातून आपल्यापर्यंत पोहोचले, आणि चिनी वादपटूंची केवळ विधाने उरली; त्यांमागची कारणे काळाने गिळली.

प्रश्न : दोन्ही परंपरांतील मूलभूत फरक एका उदाहरणाने समजावून द्याल का?

उत्तर : पांढऱ्या घोड्यावरच बसून पुढे जाऊ. मोत्झूपंथीयांच्या एका प्रकरणात पुढील युक्तिवाद ओळीने येतात. पांढरा घोडा हा घोडा आहे. म्हणून पांढऱ्या घोड्यावर बसणे म्हणजे घोड्यावर बसणे. हे चालते. गाडी लाकडाची आहे. पण गाडीत बसणे म्हणजे लाकडात बसणे नव्हे. तिचा धाकटा भाऊ देखणा पुरुष आहे. पण भावावर प्रेम करणे म्हणजे देखण्या पुरुषावर प्रेम करणे नव्हे. दरोडेखोर ही माणसे आहेत. पण दरोडेखोर पुष्कळ असणे म्हणजे माणसे पुष्कळ असणे नव्हे, दरोडेखोर नसावेत अशी इच्छा करणे म्हणजे माणसे नसावीत अशी इच्छा करणे नव्हे, आणि दरोडेखोराला ठार करणे म्हणजे माणसाला ठार करणे नव्हे.

या यादीमागे एक सिद्धान्त आहे. सारख्या घडणीची दोन वाक्ये जोडीने पुढे चालवली तर काही अंतरापर्यंत ती बरोबर राहतात आणि नंतर वाट चुकतात. ती कुठे चुकतात हे वाक्याच्या बाह्य घडणीवरून ठरत नाही, तर प्रत्येक वेळी ‘जात’ किंवा ‘प्रकार’ पाहून तपासावे लागते. ग्रीक परंपरेने नेमका उलटा रस्ता धरला. ॲरिस्टॉटलने घोडा, माणूस, दरोडेखोर ही सगळी नावे पुसून त्यांच्या जागी अक्षरे घातली : सर्व ‘ब’ हे ‘अ’ आहेत, सर्व ‘क’ हे ‘ब’ आहेत, म्हणून सर्व ‘क’ हे ‘अ’ आहेत. अक्षरे आली की आशयाकडे पाहण्याची सोयच उरत नाही, आणि कोणते आकार कधीच फसत नाहीत हे एकेक करून मोजता येते. मोत्झूपंथीयांनी आकार फसवतो हे पाहिले आणि आकारावरचा विश्वास सोडला. ॲरिस्टॉटलने न फसणारे मोजके आकार निवडले आणि बाकीचे सोडून दिले. माझ्या मते सारा फरक या एका वळणात आहे. तो बुद्धीच्या कुवतीचा नसून, एकाच अडचणीवर शोधलेल्या दोन उपायांचा आहे.

यात एक गंमत आहे, ती तुलना करणाऱ्यांच्या सहसा नजरेतून सुटते. ‘पांढऱ्या घोड्यावर बसणे म्हणजे घोड्यावर बसणे’ हे अनुमान अगदी निर्दोष असूनही ॲरिस्टॉटलच्या तीन विधानांच्या साच्यात नीट बसत नाही, कारण त्यात ‘बसणे’ हा दोन वस्तूंमधला संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश गणिती डी मॉर्गनने हीच उणीव ठळकपणे दाखवली, आणि १८७९ मध्ये फ्रेगने नवी चिन्हलिपी मांडल्यावर ती दूर झाली. म्हणजे चिनी वादपटू ज्या प्रकारच्या अनुमानांत रमले होते, त्यांना सामावून घेणारे आकारिक साधन पश्चिमेकडेही दोन हजारांहून अधिक वर्षे नव्हते.

दरोडेखोराच्या उदाहरणात मात्र मोत्झूपंथीयांची बाजू लंगडी आहे. ‘इच्छा करणे’, ‘प्रेम करणे’ या क्रिया आपण वस्तूकडे कोणत्या वर्णनाने पाहतो यावर अवलंबून असतात, म्हणून तिथे वाक्याची वाट चुकते हे पटते. ‘ठार करणे’ तसे नाही. दरोडेखोर मेला तर एक माणूस मेलाच. सर्वांवर सारखे प्रेम करा असे सांगणाऱ्या पंथाला देहदंडाचेही समर्थन करायचे होते, आणि ती अडचण तर्काच्या यादीत हळूच सरकवून देण्यात आली. खून आणि शिक्षा यांतला भेद नीतीचा आहे, तो ‘माणूस’ या शब्दाच्या अर्थातून काढता येत नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील कन्फ्यूशियसपंथी श्युन-त्झूने हे ओळखले आणि नावांचा वापर करून नावांचा गोंधळ घालण्याचा नमुना म्हणून नेमके हेच वाक्य दिले.

प्रश्न : ह्युएन त्संग भारतातून तर्कशास्त्रही घेऊन गेला होता, असे ऐकले आहे. मग ते तेथे का रुजले नाही?

उत्तर : ऐकले ते बरोबर आहे. इ.स. ६४५ मध्ये परतल्यावर त्याने शंकरस्वामीचा ‘न्यायप्रवेश’ आणि दिङ्नागाचा ‘न्यायमुख’ या हेतुविद्येच्या, म्हणजे बौद्ध तर्कशास्त्राच्या, दोन छोट्या ग्रंथांची भाषांतरे केली. ‘शब्द अनित्य आहे, कारण तो उत्पन्न होतो, घटाप्रमाणे’ हे आपल्याकडचे जुने अनुमान त्यामुळे चिनी मठांतून घोकले जाऊ लागले, आणि हेतूची तीन लक्षणेही, म्हणजे तो पक्षावर (ज्याविषयी सिद्ध करायचे त्या वस्तूवर) असणे, सपक्षात (जे सिद्ध करायचे ते असलेल्या इतर वस्तूंत) आढळणे आणि विपक्षात (ते नसलेल्या वस्तूंत) मुळीच न आढळणे, चिनी परिभाषेत आली. त्याचा शिष्य क्वेई-ची याने ‘न्यायप्रवेशा’वर विस्तृत भाष्य लिहिले.

परंतु दिङ्नागाचा मुख्य ग्रंथ, ‘प्रमाणसमुच्चय’, ह्युएन त्संगने भाषांतरित केला नाही, आणि धर्मकीर्तीचे कार्य, ज्याने ही परंपरा भारतात आणि पुढे तिबेटात बळकट केली, ते चीनपर्यंत पोहोचले नाही. शिवाय समोरासमोर शास्त्रार्थ करणारे विरोधी पंथ तेथे नव्हते. ज्या शस्त्राने लढायला कोणी नाही ते शस्त्र गंजते. मठाबाहेर ही विद्या फारशी पडलीच नाही. जपानमध्ये मात्र ती टिकून राहिली, आणि चीनमध्ये हरवलेले क्वेई-चीचे भाष्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमधूनच परत आणावे लागले.

प्रश्न : मोत्झूपंथीयांची परंपरा इतकी समृद्ध होती, तर ती खंडित का झाली? चिनी भाषाच अमूर्त विचाराला अपुरी आहे, असे काही जण म्हणतात.

उत्तर : भाषेची सबब पुढे करणे मला पटत नाही. नकार, संकेत, ‘काही’ आणि ‘एकही नाही’ यांसाठी अभिजात चिनीत पुरेसे शब्द आहेत, हे वरील व्याख्यांवरूनच दिसते. १९८१ मध्ये एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने असे मांडले की ‘असते तर झाले असते’ यासारखी खास क्रियारूपे नसल्याने चिनी भाषकांना प्रतिकूल कल्पनांवर आधारित विचार अवघड जातो. दोनच वर्षांत दुसऱ्या संशोधिकेने अधिक स्वाभाविक चिनीत लिहिलेल्या गोष्टी देऊन प्रयोग केले, तेव्हा ती अडचण जवळजवळ नाहीशी झाली. पहिल्या प्रयोगातील चिनी वाक्येच बोजड होती.

खरी कारणे इतिहासात सापडतात. चिनी वादपटूचा श्रोता बहुधा राजा असे. त्याला सिद्धता नको असे, सल्ला हवा असे. आपसात लढणारी राज्ये होती तोवर अनेक दरबार होते आणि अनेक मतांना आश्रय मिळत होता; इ.स.पू. २२१ मध्ये छिन राज्याने सारा देश एका सत्तेखाली आणला, इ.स.पू. २१३ मध्ये ग्रंथ जाळण्याची आज्ञा झाली, आणि पुढे हान घराण्याने कन्फ्यूशियसच्या विचाराला राजमान्यता दिली. मोत्झूचा पंथ या उलथापालथीत संपला.

ग्रंथ वाचला, पण विलक्षण अवस्थेत. एकाहत्तर प्रकरणांपैकी त्रेपन्न उरली, तीही ताओपंथीयांच्या ग्रंथसंग्रहात आश्रय मिळाल्यामुळे. सूत्रे मुळात एकावर एक अशा दोन आडव्या रांगांत मांडलेली होती. नकलाकारांनी ती नेहमीप्रमाणे उभ्या ओळींत सलग उतरवली, त्यामुळे वरच्या रांगेतले एक सूत्र आणि खालच्या रांगेतले एक अशी सरमिसळ झाली आणि अर्थ लागेनासा झाला. त्यातच ‘हा ग्रंथ आडवा वाचावा’ ही सूचनाही नकलाकारांनी इमानाने उतरवून ठेवली, मजकुराचाच एक भाग समजून! छिंग या शेवटच्या राजघराण्याच्या काळातील पंडितांनी त्या सूचनेच्या आधारे हा गुंता सोडवायला घेतला, आणि १८९०च्या दशकात सुन यी-रांग याच्या सटीक आवृत्तीने ग्रंथ पुन्हा वाचनीय झाला.

पश्चिमेचा इतिहास सलग होता, अशी समजूतही येथे दुरुस्त करायला हवी. विधानांच्या परस्परसंबंधांचे तर्कशास्त्र उभे करणाऱ्या ख्रिसिपस या स्टोइक तत्त्वज्ञाने सातशेहून अधिक ग्रंथ लिहिले असे प्राचीन चरित्रकार सांगतो, पण त्यांतला एकही पूर्ण स्वरूपात उरलेला नाही. त्याचे महत्त्व विसाव्या शतकात पोलिश तर्कज्ञ लुकासेविच याला प्रथम नीट कळले, कारण तोवर तसेच तर्कशास्त्र नव्याने तयार झाले होते. चीनमध्येही हेच घडले.

प्रश्न : म्हणजे पाश्चात्त्य तर्कशास्त्र शिकल्यावरच चिनी विद्वानांना स्वतःची परंपरा दिसली का?

उत्तर : बऱ्याच अंशी होय. पहिली भेट मात्र वायाच गेली. १६०७ मध्ये जेझुइट धर्मप्रचारक मातेओ रिची आणि चिनी विद्वान शू क्वांग-ची यांनी युक्लिडच्या पहिल्या सहा पुस्तकांचे भाषांतर केले, आणि १६३१ मध्ये ॲरिस्टॉटलच्या तर्कावरील एका जेझुइट भाष्याचे चिनी रूपांतर छापले गेले. भूमितीला वाचक मिळाले, तर्काला जवळजवळ नाहीत. दुसरी भेट येन फू याने घडवली. १९०५ मध्ये त्याने ब्रिटिश तत्त्वज्ञ मिलच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथाच्या पूर्वार्धाचे भाषांतर प्रसिद्ध केले आणि या शास्त्राला ‘मिंग-श्युए’, म्हणजे नामविद्या, असे नाव दिले. कोणी त्याला वादविद्या म्हटले, कोणी जपानमध्ये घडवलेला शब्द घेतला. अखेर ‘लोजी’ हे ध्वनीवरून केलेले रूप टिकले.

याच काळात लियांग ची-चाव याने मोत्झूच्या ग्रंथातील एकेक संज्ञा घेऊन तिच्यासमोर पाश्चात्त्य संज्ञा लिहिली, आणि हू शी याने १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात प्राचीन चीनच्या तर्कपद्धतीवर प्रबंध पूर्ण केला. अपमानित झालेल्या देशातील विद्वानांना ‘आमच्याकडेही होते’ असे म्हणावेसे वाटणे आपल्याला समजू शकते, पण त्या उत्साहात लियांगने साम्यानुमानालाही ॲरिस्टॉटलचा अंगरखा चढवला, आणि या परंपरेचे खरे वेगळेपण, म्हणजे वाक्यांची जोडी कुठवर चालते याची तपासणी, काही काळ झाकले गेले. ते पुढे आले तर्कज्ञ जिन युएलिनच्या पिढीत आणि त्यानंतर, जेव्हा चिनी तर्कज्ञांना आधुनिक चिन्हात्मक तर्कशास्त्र अवगत झाले.

प्रश्न : ‘व्याघात’, म्हणजे परस्परविरोध, या अर्थाच्या चिनी शब्दामागे एक गोष्ट आहे म्हणतात. ती कोणती?

उत्तर : ती पुन्हा हान फेई यानेच सांगितलेली आहे. छू राज्यातील एक जण ढाली आणि भाले विकत होता. माझ्या ढालीला कोणतीही वस्तू भेदू शकत नाही, असे तो म्हणे, आणि लगेच, माझा भाला भेदणार नाही अशी वस्तूच नाही, असेही म्हणे. तुझा भाला तुझ्याच ढालीवर मारला तर काय होईल, असे कोणी तरी विचारले, आणि त्याला उत्तर देता आले नाही. त्यावरून ‘माव-दुन’, म्हणजे भाला-ढाल, हा शब्द व्याघातासाठी रूढ झाला आणि ॲरिस्टॉटलच्या अव्याघाताच्या नियमाचे चिनी नावही त्यातूनच बनले. हान फेईला मात्र तर्काचा नियम सांगायचा नव्हता. कन्फ्यूशियसपंथी याव आणि शुन या दोन्ही राजांना एकाच वेळी परिपूर्ण ठरवतात, पण पहिल्याच्या राज्यात काहीच उणे नव्हते तर दुसऱ्याने सुधारले काय, अशी कोंडी त्याला करायची होती. आणि काटेकोरपणे पाहिले तर विक्रेत्याची दोन विधाने परस्परांना पूर्णपणे छेदतही नाहीत. दोन्ही खरी असू शकत नाहीत एवढेच; ढाल दुसऱ्या एखाद्या भाल्याने फुटेल आणि भाला दुसऱ्या एखाद्या ढालीवर वाकेल, तर दोन्ही खोटी. मोत्झूपंथीयांनी या जोडीला बैल आणि घोडा यांच्या रांगेत बसवले असते.